दोन मॅच

१

परळीत ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे त्याच्या घरी रविवारचं एक काम ठरलेलं असतं. कॅबिनेट उचलून अंगणात न्यायचं, बाजूचं झाकण काढायचं आणि ब्लोअर लावून आतली राख उडवायची. ही राख कुठून येते ते इथं कोणी विचारत नाही, वीज केंद्राच्या चिमण्या सगळ्यांनाच दिसतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर येते, पापडांवर येते, झाकून ठेवलेल्या पाण्यावर येते, तशीच कॅबिनेटमध्येही येते. एक आठवडा आळस केला की आतले पंखे म्हाताऱ्यासारखे घरघरायला लागतात.

सिदूच्या घरी या कामाला आणखी एक नियम होता. त्याच्या मोठ्या भावाला, हनुमानला, लहानपणापासून दमा. त्यामुळं ब्लोअर घरात लावायचा नाही. अंगणातही वारा कुठला आहे ते बघून लावायचा. हनुमान हसत म्हणायचा, "तुझ्या मशीनला मोकळा श्वास पायजे, तसा मलाबी पायजे बे."

हनुमानला जाऊन सव्वीस दिवस झाले होते. अग्नी सिदूनंच दिला होता. त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावर केसांचे खुंट नुकते टोचायला लागले होते. कॅबिनेटवर बोटानं नाव लिहिता यावं इतकी राख साचली होती, कारण त्या दिवसापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

२

सिदूनं गावाला सांगितलेली गोष्ट अशी होती.

आई, म्हणजे वनमालाबाई, भावाच्या पोरीच्या साखरपुड्याला घाटनांदूरला गेली होती. हनुमान रात्रभर टिप्पर चालवून सकाळी घरी आला, दोन घास खाल्ले आणि आतल्या खोलीत झोपला. सिदू गेममधलं चित्र साफ दिसावं म्हणून एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणायला हैदरच्या दुकानात गेला. तिथं त्याला उशीर झाला. चारला परत आला तर दादा बाजेखाली पडलेला, अंग गार. मग त्यानं शेजारच्या छबुबाईला हाक मारली.

सगळ्यांनी ते खरं मानलं. न मानायला कारण नव्हतं. नववीत शाळा सोडलेला, विटांच्या कारखान्यावर चार दिवस जाणारा आणि आठ दिवस घरी बसणारा एकोणीस वर्षांचा पोरगा. पण भावावर जीव होता, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. ते कार्डही दादानंच घेऊन दिलं होतं. "घे बे एकदाचं," म्हणाला होता, "रोज माझं डोकं खातूस."

दम्याचा पंप कपाटात सापडला. एरवी तो खिडकीत असायचा. घाटनांदूरला जायच्या आधी आईनं घर आवरलं आणि तो कपाटात ठेवला.

तेव्हापासून आई जेवायला बसली की घास हातातच राहायचा.

"म्या ठिवला गं कपाटात. माझ्या ह्या हातानं," ती छबुबाईला म्हणायची. तिच्या मनगटात हनुमानचं स्टीलचं कडं होतं. चितेवर ठेवायच्या आधी ते काढलं, तेव्हा तिनं स्वतःच्या हातात घातलं. ते तिला सैल व्हायचं, कोपरापर्यंत घसरायचं. "पोरगं हुडकीत ऱ्हायलं असंल. त्यानं हाक मारली असंल का गं? घरात कुणीच न्हाई म्हणून गप पडलं असंल."

सिदू तिथंच भिंतीला टेकून बसलेला असायचा. घरात कोणी नव्हतं असं नव्हतं. तो होता. पत्र्याच्या अलीकडं, हातभर अंतरावर, कानांवर हेडफोन लावून.

हे बोलायला त्यानं सव्वीस दिवसांत सव्वीस वेळा तोंड उघडलं असेल. प्रत्येक वेळी तोंडातून निघायचं, "आई, दोन घास खा."

३

कॉम्प्युटर पुन्हा लावायला आईनंच सांगितलं.

"लाव की ते तुझं," ती म्हणाली. "घरात कायतरी आवाज असू दे. हे असं न्हाई बघवत."

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आई आतल्या खोलीत, हनुमानच्या बाजेशेजारी जमिनीवर आडवी झाली होती. त्या दोन खोल्यांच्या मध्ये भिंत नव्हती, पत्र्याचं पार्टिशन होतं. ते छतापर्यंत पोचत नव्हतं, वर दीड हात मोकळं होतं. आईनं कूस बदलली की इकडं ऐकू यायचं.

सिदूनं बटण दाबलं. नव्या कार्डाचे दोन पंखे फिरले, पडदा उजळला.

जुन्या कार्डावर हा गोळीबाराचा गेम म्हणजे नुसतं नशीब होतं. शंभर पावलांच्या पुढं सगळं धुकं. त्या धुक्यातून गोळी यायची आणि मारणारा कोण ते मेल्यावर कळायचं. आता लांबच्या टेकडीवरचं गवत हलताना दिसत होतं. पाण्याच्या टाकीवरचा गंज दिसत होता. बघून त्याला आनंद झाला. झाला हे लक्षात आलं आणि त्याची मान खाली गेली.

मॅच लावायला मन होईना. तो सरावाच्या मैदानात गेला. तिथं आपण एकटेच असतो, दुसरं कोणी येऊ शकत नाही. त्यानं हेडफोन लावले आणि माळावरून नुसता चालत राहिला.

टण.

तो थांबला. डाव्या कानात आलं होतं, लांबून.

टण. टण.

त्यानं हेडफोन काढले. खोलीत पंख्याची घरघर होती, आईचा श्वास होता. बाकी काही नाही. हेडफोन पुन्हा लावले.

टण. टण. टण.

गेममध्ये त्यानं तोंड डावीकडं फिरवलं, तसा आवाज दोन्ही कानांच्या मधोमध आला. समोर, टेकडीच्या पायथ्याशी, एक पत्र्याची खोली होती. या मैदानात तो दोन वर्षं खेळत होता. पण तिथं नेहमी धुकं असायचं. असेल बाबा, त्यानं मनाला समजावलं, जुन्या कार्डाला दिसत नसेल. त्यासाठीच तर नवं घेतलं.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला. बंद करायची पद्धत असते, ती त्यानं पाळली नाही. सरळ वायर ओढली.

४

"कुणाचं व्हतं बे हे कार्ड?" दुसऱ्या दिवशी त्यानं हैदरला विचारलं.

हैदरचं दुकान स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढं मोबाईल, मागं कॉम्प्युटर. तो एका उघड्या मदरबोर्डवर ब्रश फिरवत होता.

"अंबाजोगाईच्या एका डॉक्टर पोराचं. कावून?"

"जिता हाय का तो?"

हैदरनं ब्रश खाली ठेवला. "जिता म्हंजे? परवाच दुसरं कार्ड घेऊन गेलाय, माझ्यापेक्षा जाडा झालाय. काय झालं, भाई?"

सिदूनं आवाजाचं सांगितलं. हैदर गंभीर झाला नाही, उलट त्याला बरंच वाटलं. त्याच्या हातचं काम होतं.

"तुमच्या घरात अर्थिंग न्हाई. मी तवाच म्हणलो व्हतो. कार्ड मोठं आलं, लोड वाढला, करंट हेडफोनमदी घुसतो. मग टकटक, खरखर, काय बी ऐकू येतंय. आण ते हेडफोन."

सिदूनं सोबत आणलेले हेडफोन त्यानं आपल्या मशीनला लावले. त्याच मशीनवर तोच गेम होता, सिदूच्या कार्डाच्या दुप्पट ताकदीच्या कार्डावर. हैदर सरावाच्या मैदानात गेला, डोळे मिटून ऐकलं. "कायबी न्हाई. मुंगी चालली तर ऐकू यील."

"डावीकडं बघ. टेकडीखाली."

हैदरनं बघितलं. टेकडीखाली गवत होतं. हैदर गेममध्ये चालत तिथंवर गेला, गोल फिरला, दोन उड्या मारल्या. नुसतं गवत.

"इथं पत्र्याची खोली न्हाई?"

"कुठं खोली? झोप न्हाई तुला, मेरे भाई." हैदर हसला आणि मग हसणं आवरत म्हणाला, "दादाचं लई वाईट झालं. मी घरी आमच्या अलिनाच्या अम्मीला म्हणलो बी, पोरगं अर्धा घंटा अगोदर घरी पोचलं असतं, तर... पण तू तर बारालाच गेलतास की इथून. ब्लोअर बी नेलतास. मग चार..."

त्यानं ब्रश उचलला आणि साफ असलेल्या बोर्डावर पुन्हा फिरवला. सिदू उभा होता. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याची धूळ दुकानात आली, बसली. दोघांपैकी कोणीच वर बघितलं नाही.

"घरात अर्थिंग करून घे," शेवटी हैदर मदरबोर्डकडं बघत म्हणाला. "आन् जे काय असंल ते आईला सांग. मला नगं सांगू."

५

सांगायचंच म्हणून तो घरी आला. आई दारात बसली होती. छबुबाई तिच्या केसांना तेल लावत होती.

"आज पुन्हा जेवली न्हाई ही," छबुबाई म्हणाली. "सिदू, हिला अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात दाखव बाबा. म्हणती, मीच मारला, मीच मारला. एक गेला, दुसऱ्यानं आईकडं बघायला नगं का?"

"आई," सिदू म्हणाला.

आईनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत त्याच्याविषयी इतकी माया होती की तो तिच्या बाजूच्या तांब्याकडं बघायला लागला.

"काय रं बाळा?"

"कायी न्हाई. पाणी देऊ का?"

दुपारी तो पुन्हा मशीनसमोर बसला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. जखमेवरची खपली काढतात तसं काहीतरी. आज तो त्या खोलीपर्यंत चालत गेला.

जसजसा जवळ जात होता तसतसा आवाज वाढत होता. आता त्याला कळलं की हे बोटांनी वाजवलेलं नाही. बोटांनी पत्रा वाजला तर ठक होतं. हे टण होतं, धातूवर धातू. तीन वेळा, मग थोडं थांबून दोन वेळा, मग बराच वेळ काही नाही. आणि मधल्या त्या शांततेत एक बारीक शिट्टी, आत जाणारी आणि बाहेर येणारी.

खोलीला एक दार होतं. दाराला बाहेरून कडी होती. लावलेली.

सिदूनं कीबोर्डवरचं एकेक बटण दाबून बघितलं. गेममध्ये दारं उघडायचं बटण असतं. इथं ते चालत नव्हतं. त्यानं गोळ्या झाडल्या. पत्र्यावर भोक पडलं नाही, ठिणगी उडाली नाही. आतला आवाज मात्र एकदम थांबला. म्हणजे आतल्याला कळलं होतं, बाहेर कोणीतरी आलंय.

मग तो पुन्हा सुरू झाला. आता न थांबता. टण टण टण टण टण.

सिदूनं हेडफोन फेकले, स्क्रू काढले आणि कार्ड ओढून बाहेर घेतलं. ते इतकं तापलेलं होतं की दोन बोटं भाजली. फळीवरचं जुनं कार्ड काढून त्यानं बसवलं. मशीन चालू केलं. सरावाचं मैदान आलं. शंभर पावलांच्या पुढं सगळं धुकं. टेकडी नाही, पायथा नाही, खोली नाही.

बराच वेळ तो धुक्याकडं बघत बसला. मग हेडफोन उचलून एक बाजू कानाला लावली.

टण. टण. टण.

पहिल्यासारखंच. फक्त आता कुठून येतंय ते दिसत नव्हतं.

६

तिसऱ्या दिवशी तो तसाच बसलेला असताना आई पाठीमागं येऊन उभी राहिली. ती आतल्या खोलीतून कधी उठली ते त्याला कळलं नाही. कानांवर हेडफोन होते.

तिनं खांद्याला हात लावला, तसा तो बाजूला उडाला.

"रडतूस कावून?" ती म्हणाली. पडद्यावर धुकं होतं. ती त्या धुक्याकडं आणि त्याच्याकडं आळीपाळीनं बघत होती. "काय ऐकतूस रोज? गाणी हायेत का?"

"आई, नगं."

"बघू तरी."

तिनं त्याच्या डोक्यावरून हेडफोन काढले. त्यानं तिचा हात धरला होता, पण सोडला. धरून ठेवायचा धीर झाला नाही, की ठेवायचाच नव्हता, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. आईनं ते पदरावरूनच कानांवर लावले, जरा तिरके.

सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग तिनं मान थोडी कलती केली. मग तिचा उजवा हात डाव्या मनगटाकडं गेला आणि तिनं तिथलं कडं घट्ट पकडलं. ते वाजत नाही ना, हे बघावं तसं. कडं तिच्या मुठीत होतं. आवाज तिला तरीही येत होता, हे सिदूला तिच्या पापण्यांवरून दिसत होतं. तीन वेळा. मग दोन वेळा.

ती खुर्चीवर बसली.

"हा माझा हनुमान हाय," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, हेडफोन लावलेला माणूस बोलतो तसं.

सिदू जमिनीवर बसला. एकदा बोलायला लागल्यावर मग थांबता आलं नाही. हैदरच्या दुकानातून बारालाच निघालो. कार्ड बसवायची घाई झालती. वायर अंगणापर्यंत पुरंना, म्हणून ब्लोअर इथंच लावला, घरात. दोन महिन्यांची राख व्हती, निस्ता ढग झाला. राख आत दादाकडं जाऊ नये म्हणून पत्र्याचं दार लोटलं. ते दार आपोआप उघडतं म्हणून बाहेरून कडी घातली. दादासाठीच घातली, आई. वरनं उघडं हाय हे ध्यानातच न्हाई आलं. मग कार्ड बसवलं, चित्र लई भारी आलं, हेडफोन लावले, आन् कडीचं इसरलो.

"त्यानं वाजवलं?"

"म्हाईत न्हाई. मला ऐकूच आलं न्हाई."

"किती येळ?"

सिदू फरशीवर बोटानं रेघ ओढत राहिला.

"किती येळ, सिदू?"

"दोन मॅच."

"मॅच म्हंजी किती?"

"ईस मिंटं. एकेक."

आईनं डोळे मिटले. सिदूचं अजून संपलं नव्हतं. सगळ्यात खालचं अजून राहिलं होतं आणि ते बोलताना त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. दुसरी मॅच जिंकल्यावर भूक लागली म्हणून तो उठला होता. कडी काढून बघितलं तेव्हाही त्यानं कोणाला हाक मारली नव्हती. आधी फडकं ओलं केलं. फरशी पुसली, बाज पुसली, पत्रा पुसला. दादाच्या पापण्यांवर राख बसली होती, तीही पुसली. एक तास. मग छबुबाईच्या दाराशी जाऊन ओरडला.

आई मारेल असं त्याला वाटलं. मारावं, असं वाटलं. तिनं हात उचलला तो हेडफोनच्या माइकच्या दांडीकडं नेला. सिदू मॅचमध्ये दोस्तांशी बोलताना ती दांडी तोंडासमोर ओढतो, हे तिनं कितीदा तरी बघितलं होतं. तशीच तिनं ती ओढली.

"आले रं," ती त्या दांडीत म्हणाली. भाकरी भाजत असताना दारात हाक आली की ती अशीच म्हणायची. "आले बाळा. आले, आले."

तिचा चेहरा सैल पडला. सिदूला कळलं, आवाज थांबला आहे.

७

तो पत्रा जुना होता. आधी कुणाच्या तरी छपरावर होता, तिथल्या खिळ्यांची भोकं त्याला तशीच राहिली होती. दुपारी आतल्या खिडकीतून ऊन आलं की त्या भोकांमधून उन्हाचे ठिपके इकडच्या खोलीत पडायचे, फरशीवर, कॅबिनेटवर, सिदूच्या पायांवर. आताही पडले होते.

आत बाज करकरली.

उन्हानं, सिदूनं स्वतःला सांगितलं. ऊन तापलं की पत्रा तडतडतो, लाकूड करकरतं. आई तर इथं आहे. आत कोणी नाही.

त्याच्या पायावरचा ठिपका विझला. मग फरशीवरचा. पहिला पुन्हा आला तोवर तिसरा गेला. बाजेकडून दाराकडं, एकामागून एक, सावकाश, माणसाच्या खांद्याच्या उंचीवरची सगळी भोकं काळी होत आणि पुन्हा उजळत चालली होती. दाराजवळचं शेवटचं भोक काळं झालं आणि काळंच राहिलं.

दाराला कडी लावलेली होती. आई बाहेर येताना घालून आली होती का, ते सिदूला ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमतही होईना.

"जा," आई म्हणाली. हेडफोन अजून तिच्या कानांवर होते, डोळे धुक्यावर. "कडी काढ."

"आई, आत कुणी न्हाई."

"न्हाई तर न्हाई. काढायला काय जातं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तो पळाला असता, गल्लीत, स्टेशनवर, कुठंही. ती त्याला फक्त काम सांगत होती, मागं राहून गेलेलं.

सिदू उठला. दारापर्यंत चार पावलं होती. कडीवर राखेचा पातळ थर होता, तो त्याच्या भाजलेल्या बोटांना लागला. पलीकडं श्वास ऐकू येत होता, बारीक शिट्टीसारखा, आत जाणारा आणि बाहेर येणारा. सिदूच्या कानांवर काही नव्हतं. कोणी दार ढकलत नव्हतं, पत्रा वाजवत नव्हतं. पलीकडच्याला आता घाई नव्हती.